त्या दिवसांचं तापमान

दूध संकलन केंद्राच्या मागच्या अंगणात आमचं बॅटऱ्यांचं कपाट आडवं पडलं होतं आणि आमचा फिटर यशवंत लोहार त्याच्या तळाचा पत्रा उचकटत होता. धूर केव्हाच थांबला होता. वास मात्र अजून नाकात बसत होता, जळलेल्या प्लास्टिकचा आणि त्याखाली कसला तरी गोडसर. केंद्राचे चेअरमन लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. सकाळच्या दुधाच्या वेळी कपाटातून धूर निघाला, तेव्हा त्यांनी आधी माणसं बाहेर काढली आणि मग मला फोन केला. कुणाला काही झालं नव्हतं.

यशवंतने आतला एक खण बाहेर ओढला, त्याची कड कापली आणि आत बोट फिरवलं. मग ते बोट माझ्यासमोर धरलं.

"मॅडम, गाळ हाय ह्यात."

राखाडी, बारीक, पिठासारखी माती. कोल्हापूरच्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. पूर ओसरल्यावर भिंतींवर, भांड्यांत, पुस्तकांच्या पानांत तीच उरते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझं आणि विश्वजित शिरगुप्पेचं एक छोटं वर्कशॉप होतं. आम्ही कॉलेजातले मित्र. पुण्याच्या एका कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांमधून काढलेल्या जुन्या बॅटऱ्या आम्ही घ्यायचो. बस ओढायला कमी पडणाऱ्या बॅटरीत एखादं दूध केंद्र किंवा दवाखाना चालवण्याइतका जीव सहज शिल्लक असतो. बसच्या एकेका पॅकमधले चांगले खण निवडून आम्ही त्यांची कपाटं बांधायचो. वीज गेली की कपाट आपोआप सुरू व्हायचं.

यात अवघड गोष्ट एकच होती, बॅटरीचा इतिहास. ती किती वापरली गेली, किती तापली, हे कळल्याशिवाय तिला दुसरं आयुष्य देणं धोक्याचं. आणि तो इतिहास बस कंपनीकडे. तो उघडा करायची त्यांची तयारी नव्हती, कारण त्यातून त्यांचे मार्ग, गाड्यांचे बिघाड, कुठल्या कारखान्याची बॅटरी किती टिकते, सगळंच प्रतिस्पर्ध्यांना कळलं असतं. खूप बैठकांनंतर एक तोड निघाली. दोघांच्याही मालकीची नसलेली एक संस्था मध्ये बसवली. कंपनीची सगळी माहिती त्या संस्थेच्या संगणकात कुलूपबंद राहणार. आम्ही ठरलेले प्रश्न विचारायचे, संगणकाने फक्त उत्तर द्यायचं. मूळ नोंदी आम्हाला दिसणार नाहीत आणि आम्ही काय विचारलं ते कंपनीला दिसणार नाही. बॅटरीची उरलेली ताकद, किती वेळा चार्ज झाली, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान, असे थोडेच प्रश्न होते. नवीन प्रश्न घालायचा तर कंपनीच्या माहिती विभागाच्या प्रमुखांची परवानगी लागायची. त्या रेश्मा तांबोळी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फोनवरचा आवाज ओळखीचा होता, मोजकं बोलणारा.

बॅटरी पाण्याखाली गेली होती का, हा प्रश्न यादीत नव्हता. तो कुणाला सुचलाच नव्हता.

अंगणात उभी राहूनच मी विश्वजितला फोन लावला. ती सगळी खेप वर्कशॉपात आली तेव्हा खण स्वच्छ होते आणि ताकदीच्या चाचणीत पास झाले होते, हे त्यालाही आठवत होतं. कुणीतरी ते बाहेरून धुऊन, वाळवून पाठवले असणार. आतलं काय, ते कापल्याशिवाय दिसत नाही. त्या खेपेतून आम्ही बांधलेली कपाटं जिल्हाभर होती. विश्वजित म्हणाला, तो एकेकाला फोन करून कपाट बंद करायला सांगतो. मग त्याने विचारलं.

"सुनेत्रा, दवाखान्याचं काय करायचं?"

दोघांच्याही मनात तेच होतं. घाटाच्या वर डॉक्टर धनवडेंचं छोटं बाळंतपणाचं रुग्णालय होतं. आदल्या दिवशीच्या वादळात विजेचा मोठा मनोरा पडला होता आणि घाटमाथ्यावर सगळीकडे वीज नव्हती. रुग्णालय आमच्या कपाटावर चाललं होतं. त्याच खेपेतल्या.

मी विश्वजितला भाड्याचा जनरेटर बघायला सांगितलं, यशवंतला गाडीत घेतलं आणि निघाले. वाटेत विश्वजितचा फोन आला. वादळामुळे जनरेटर सगळे गेलेले होते, एक मिळत होता, पण तो संध्याकाळपर्यंत पोहोचणार होता. वर्कशॉपात एक तयार कपाट होतं, पण तेही त्याच खेपेतलं. घाटात ठिकठिकाणी झाडं तोडून बाजूला केलेली होती, गाड्या एकेरी सोडत होते. बोटावरची ती माती यशवंतने पुसली नव्हती, हात मांडीवर उताणा ठेवून बसला होता.

डॉक्टर धनवडे मला दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, रात्रभर जागल्याचं डोळ्यांत दिसत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग मला काचेपाशी नेलं. आत दोन बाळं ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली होती, हाताच्या पंजाएवढी छाती असलेली, आणि तिसऱ्याच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी. तिघंही दिवस भरण्याआधी जन्मलेली.

"यांना कोल्हापूरला न्यायचं तर या घाटातून, या अशा रस्त्यावरून," त्या म्हणाल्या. "एखादं पोहोचणार नाही. म्हणून मला ठामपणे सांगा. संशयावर मी बाळं हलवणार नाही."

"कपाट बंद केलं तर?"

"तर मग हलवावंच लागेल. ऊब गेली की फार वेळ नसतो."

कपाट जिन्याखालच्या खोलीत होतं, बाळांच्या खोलीपासून एका भिंतीच्या अंतरावर. यशवंतने सगळीकडून हात लावून पाहिला. गार होतं. पण दूध केंद्रातलंही सकाळपर्यंत गारच होतं. त्याच्या वरच्या भागात एका पॅकचे खण होते आणि खालच्या भागात दुसऱ्या पॅकचे. मी यशवंतला तिथेच बसवलं. हाताला जरा जरी फरक लागला, तर आधी ओरड, मग मला शोध, असं सांगितलं. डॉक्टरांनी तिन्ही बाळांच्या आयांना उठवून दाराजवळच्या खोलीत आणलं आणि कामाच्या बायांना बाळांची दुपटी हाताशी ठेवायला सांगितली. नेमकं काय आहे ते कुणालाच सांगितलं नव्हतं, पण आयांना ते कळतच असतं. त्यांतली एक माझ्या चेहऱ्यावरून नजर काढेना.

फोनची रेंज फक्त गच्चीवर मिळत होती. तिथून मी तांबोळींना फोन लावला. गाळ सापडल्याचं सांगितलं, रुग्णालयाचं सांगितलं, तीन बाळांचं सांगितलं. पाण्याचा प्रश्न यादीत घालायला आत्ता, या क्षणी परवानगी हवी होती. त्या म्हणाल्या, कायदा विभागाला विचारते, आणि फोन ठेवला.

मी गच्चीवर येरझारा घालत राहिले. दर थोड्या वेळाने खाली वाकून, यशवंत ओरडत तर नाही ना, ते ऐकायचं आणि परत फोनकडे बघायचं. तेवढ्यात विश्वजितचा फोन आला. त्याच्या ओळखीचा एक माणूस बस कंपनी सोडून गेला होता, आणि जाताना आगारांतल्या देखभालीच्या सगळ्या नोंदींची प्रत घेऊन गेला होता. तो ती आत्ता द्यायला तयार होता.

"ती चोरी आहे, विश्वजित."

"आणि बाळं?"

एकदा आम्ही मागच्या दाराने माहिती घेतली असं कळलं असतं, तर कुठलीच कंपनी पुन्हा काही देणार नव्हती, आणि आमचं सगळं काम त्या देण्यावर उभं होतं. पण त्या क्षणी मला ते कामबिम दिसत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तांबोळींचं उत्तर येईपर्यंत थांब. नाही आलं, तर घे. आणि मी ते मनापासून बोलले होते.

उत्तर आलं, आणि आश्चर्य म्हणजे फार लवकर आलं. कायदा विभागाने लगेच होकार दिला होता. प्रश्न यादीत चढला. मी फोनवरूनच त्या खेपेतल्या सगळ्या पॅकचे क्रमांक संस्थेच्या संगणकाला पाठवले. पाण्याखाली गेलं होतं का?

नाही. नाही. नाही. सगळ्यांना नाही.

विश्वजितलाही उत्तरं दिसत होती. त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मोकळा झाला होता, म्हणाला, सुटलो. मी त्याला यादीतला पहिला क्रमांक वाचायला सांगितला. तो दूध केंद्रातल्या जळलेल्या कपाटाचा पॅक होता. त्यालाही नाही. आणि खाली यशवंतच्या बोटावर अजून गाळ होता.

आतापर्यंत निदान एवढं वाटत होतं, की खरं कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे आणि आपण फक्त दार उघडायचंय. दार उघडलं होतं आणि आत खोटं होतं. त्या चोरलेल्या नोंदींतही तेच असणार. कुणीतरी बुडालेल्या बॅटऱ्या कोरड्या म्हणून लिहिल्या होत्या. कायदा विभागाने इतक्या झटकन होकार का दिला, तेही मला तेव्हाच कळलं: उत्तर 'नाही'च येणार, हे त्यांना माहीत होतं.

मी पुन्हा तांबोळींना फोन लावला. जळालेल्या पॅकलाही नाही आलंय, म्हणून सांगितलं. त्यांच्या खोलीत आणखी माणसं असल्याचं ऐकू येत होतं, कुणीतरी खुर्ची सरकवली, एक पुरुष काहीतरी म्हणाला.

"आमच्या नोंदीत जे आहे तेच उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. आवाज सपाट होता, वाचून दाखवल्यासारखा. "त्यापलीकडे कंपनीच्या कुठल्याही आगाराबद्दल मला काही सांगता येणार नाही."

"मॅडम, इथे बाळं..."

"ऐका. तापमानाचा प्रश्न तुमच्या करारात पहिल्यापासून आहे. त्याला माझी परवानगी लागत नाही. त्यात तारखा घालता येतात."

आणि फोन बंद झाला.

मी फोनकडे बघत राहिले. आधी मला राग आला. मी आग लागेल म्हणून घाबरलेय आणि ही बाई मला कराराची कलमं सांगतेय. कपाटाचं तापमान यशवंतचा हातच सांगत होता. आणि तारखा कसल्या? खाली अंगणात एक बाई बादलीत दुपटी बुडवून पिळत होती. मी तिच्याकडे नुसतीच बघत होते, डोकं चालत नव्हतं. मग हळूहळू मला ते दिसायला लागलं.

उभी बस उन्हात तापते आणि रात्री गार होते. मैदानात असो की शेडमध्ये, दुपार आणि पहाट यांत फरक पडतोच. पाण्याखालची बस तशी तापत नाही. वर ऊन असो, रात्र असो, पाणी तिला एकाच तापमानाला धरून ठेवतं. आणि पॅकमधला तापमान टिपणारा छोटा यंत्रभाग स्वतःच्या वेगळ्या सेलवर चालतो. बस बंद पडली तरी तो टिपत राहतो. आगारातल्या माणसाने वहीत काहीही लिहिलं असेल, त्या यंत्राला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तारखा मला कुणाला विचाराव्या लागल्या नाहीत. गाळ आमच्याकडचा, म्हणजे पूरही आमचाच, कोल्हापूरचा गेला महापूर. त्या महापुरात आमच्या घरात पाणी होतं. हायवे कधी बंद झाला आणि कधी सुरू झाला, ते मी झोपेतही सांगितलं असतं.

मी आधी जळलेल्या पॅकचा क्रमांक टाकला, पुराच्या तारखा टाकल्या आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी तापमान विचारलं. रेंज गेली. मी पाण्याच्या टाकीवर चढले. फोन दोन्ही हातांनी उंच धरला. उत्तर आलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. त्या सगळ्या दिवसांत त्या पॅकला ना दुपार लागली होती ना रात्र.

मग रुग्णालयाच्या कपाटातले दोन पॅक. वरच्याचा क्रमांक टाकला. जास्त आणि कमी यांत चांगलं अंतर होतं, उन्हापावसात उभ्या राहिलेल्या कुठल्याही गाडीसारखं. खालच्याचा टाकला आणि वाट बघत राहिले. पडद्यावर गोल चिन्ह फिरत होतं. खाली कुणाचं तरी बाळ रडलं, आणि मला बरं वाटलं, की ते रडतंय.

खालच्याचे दोन्ही आकडे सारखे होते.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. डॉक्टर वाटेतच भेटल्या. त्यांना ठाम उत्तर हवं होतं, ते मी दिलं. वरचा भाग चांगला आहे. खालचा पाण्यात बुडालेला आहे. खालचा तोडून काढला तर उरलेल्या अर्ध्यावर फक्त बाळांची खोली संध्याकाळपर्यंत चालेल, जनरेटर येईपर्यंत. बाकी सगळं बंद करावं लागेल. बाळं हलवायची गरज नाही.

"खात्री?" त्यांनी विचारलं.

"खात्री आहे."

त्यांनी स्वतः जाऊन पंखे, दिवे, पंप, सगळं बंद केलं. जोड बदलायला थोडा वेळ वीज पूर्ण तोडावी लागणार होती. तेवढा वेळ तिन्ही आयांनी बाळं उघड्या छातीशी धरली, वरून दुपटी गुंडाळली आणि ऑक्सिजनच्या नळीला डॉक्टरांनी सिलिंडर लावला. यशवंत जिन्याखाली आडवा होऊन काम करत होता, मी टॉर्च धरला होता. खालचा शेवटचा खण सुटला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हा कोमट लागतोय."

दोघांनी मिळून ते खण एकेक करून उचलले आणि रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात, वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवले. निघण्याआधी यशवंतने वरचा भाग जोडून दिला होता; परत आलो तेव्हा वॉर्मरचा लाल दिवा पुन्हा लागला होता. संध्याकाळी जनरेटर आला. त्याच्या थोडं आधी वाळूवरचा एक खण फुगून फुटला आणि त्यातून पांढरा धूर बराच वेळ येत राहिला. आम्ही तो खिडकीतून पाहिला. डॉक्टर धनवडे माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि आत गेल्या.

नंतरचं सगळं वकिलांच्या हातात गेलं. तांबोळींचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्यांना संशय आला आणि बस कंपनीने मधल्या संस्थेकडे तक्रार केली, की त्यांची गोपनीय माहिती कुणीतरी आतून फोडली. संस्थेने चौकशी बसवली. आमच्या वकिलांनी मला बजावलं होतं, की निकाल लागेपर्यंत बस कंपनीच्या कुठल्याही माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. तांबोळींचे साधे आभार मानायचे होते, तेही मी मानले नाहीत. त्यांचाही फोन आला नाही. मला वाटलं, त्या आता पस्तावल्या असतील.

चौकशी पुण्याला झाली, एक निवृत्त न्यायाधीश प्रमुख होते. तांबोळींना मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, बारीक चणीच्या, फिकट निळी साडी. टेबलाच्या पलीकडे त्यांच्याच कंपनीच्या माणसांपासून एक खुर्ची सोडून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "तांबोळी मॅडमनी तुम्हाला पुराबद्दल काही सांगितलं?"

"नाही."

"कुठल्या आगाराबद्दल?"

"नाही."

"मग तुम्ही नेमक्या त्याच तारखा कशा निवडल्या?"

"साहेब, मी कोल्हापूरची आहे. त्या दिवसांत आमच्या घरात पाणी होतं."

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मी दिलेलं प्रत्येक उत्तर खरं होतं. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, की ते खरं राहावं म्हणूनच त्या दिवशी त्या तेवढंच बोलल्या होत्या. समोर माणसं बसलेली असताना त्यांनी शब्द मोजून दिले होते, आणि मला पुढे कुठेही खोटं बोलावं लागू नये याची तजवीज त्यातच केली होती.

तक्रार टिकली नाही. प्रश्न करारातला होता, उत्तर संगणकाने दिलं होतं. उलट आगाराच्या नोंदी खोट्या ठरल्या आणि पुरातले सगळे पॅक कंपनीला परत घ्यावे लागले. तांबोळींनी मात्र आदल्याच आठवड्यात राजीनामा दिला होता. तो दिला की घेतला, ते मला कधी कळलं नाही.

बाहेरच्या बोळात त्या एकट्याच बाकाजवळ उभ्या होत्या. मी जवळ गेले. त्यांनीच विचारलं.

"बाळं?"

मला आधी कळलंच नाही.

"ती तीन बाळं," त्या म्हणाल्या. "काय झालं त्यांचं?"

"घरी गेली. तिघंही. तुम्हाला माहीत नाही?"

त्या बाकावर बसल्या. पदराचं टोक त्यांनी हातात धरलं.

"मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही काय विचारलंत ते आम्हाला दिसत नाही. उत्तर काय गेलं तेही नाही. तशीच रचना आहे, मीच आग्रहाने करून घेतली होती. फोन करायची सोय नव्हती, माझे फोन तपासत होते. तुम्हाला माझं बोलणं समजलं की नाही, तेही माहीत नव्हतं." मग म्हणाल्या, "रोज सकाळी पेपर उघडायला भीती वाटायची."

मी फोन काढला, डॉक्टर धनवडेंचा नंबर लावला, कोण बोलणार आहे ते त्यांना दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन तांबोळींच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, स्वतःचं नाव सांगितलं आणि मग नुसत्याच ऐकत राहिल्या.

मी बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिले, त्यांचं बोलणं मला ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर.